कालवाची जात ठरवताना: शिंपला एक सांगतो, सिक्वेन्स दुसरंच

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही खाडीच्या तोंडाजवळच्या खडकांवरून आणि आतल्या चिखलातून कालवं गोळा केली. दिसायला दोन प्रकार: खडकावरची गोलसर, कडा दातेरी, चिखलातली लांबट आणि पातळ. पाच नमुन्यांचा सीओआय जीन (प्राण्यांच्या जाती ओळखायला नेहमी वापरला जाणारा डीएनएचा भाग) बाहेरच्या प्रयोगशाळेतून वाचून घेतला, म्हणजे त्याच्या अक्षरांचा क्रम, सिक्वेन्स, काढून घेतला. तीन नमुन्यांपैकी प्रत्येक नमुना सिक्वेन्स साठवणाऱ्या डेटाबेसमधल्या दोन वेगवेगळ्या नावांशी ९९ टक्क्यांहून जास्त जुळला. उरलेले दोन कशाशीच ९३ टक्क्यांच्या वर जुळेनात. त्यात भर म्हणजे जुळलेल्या तिघांत दोन लांबट आणि एक गोल आहे. मग विश्वास शिंपल्यावर ठेवायचा की डीएनएवर? आणि ९३ टक्के म्हणजे नवी जात सापडली का?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घेऊ. हे पाच प्राणी किती गटांत पडतात, हा पहिला. त्या गटांना म्हणायचं काय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर डीएनए फार छान देतो. दुसऱ्याचं तो एकट्याने देऊ शकत नाही, कारण सिक्वेन्समध्ये नाव लिहिलेलं नसतं. नाव कुणीतरी, बहुतेक वेळा शंभर-दोनशे वर्षांपूर्वी, संग्रहालयात ठेवलेल्या एखाद्या शिंपल्याला दिलेलं असतं. डेटाबेसमध्ये दिसतं ते नाव सिक्वेन्स जमा करणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे लावलेलं असतं. बरणीवरच्या चिठ्ठीसारखंच ते: तुमच्या बरणीतला माल त्या बरणीतल्या मालासारखा आहे एवढं जुळणीवरून कळतं, चिठ्ठी बरोबर आहे की नाही ते कळत नाही.

आता शिंपल्याकडे येऊ. कालव एकदा चिकटलं की जन्मभर तिथेच राहतं, आणि जागा मिळेल तसं वाढतं. दाटीत वाढलेलं अरुंद आणि लांबट होतं. मऊ चिखलात तर ते आणखी उभं वाढतं, कारण गाळात रुतायचं नसेल तर कड वर ठेवावी लागते. मोकळ्या खडकावर तेच पसरतं. लाटांचा मार, क्षारता, पाण्याचा वेग, खाली दगड आहे की दुसऱ्या कालवाची पाठ, या सगळ्याचे परिणाम शिंपल्यावर होतात. एकाच जोडीची पिल्लं दोन ठिकाणी वाढवली तर दोन जाती वाटतील इतका फरक पडू शकतो. त्यामुळे तुमचे नमुने आकाराप्रमाणे विभागले गेले नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं नाही. विभागले गेले असते तर मी जरा जास्त चौकशी केली असती.

तरीही शिंपले फेकू नका. आकार फसवा असला तरी आतली काही लक्षणं बऱ्यापैकी टिकाऊ असतात. दोन्ही झडपा उघडा आणि बिजागरीच्या दोन्ही बाजूंना आतल्या कडेवर हातभिंग धरा. तिथे बारीक उंचवटे आणि समोरच्या झडपेवर त्यांच्या जोडीचे खळगे दिसले तर त्यांना कोमाटा म्हणतात. सॅकोस्ट्रिया या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) ते ठळक असतात, क्रॅसोस्ट्रियात नसतात. तुम्ही ज्याला दातेरी कड म्हणता ती शिंपल्याच्या बाहेरच्या घड्यांची कड असावी. कोमाटा वेगळे, त्यांची गल्लत करू नका. स्नायू जिथे चिकटलेला असतो त्या डागाचा रंग, आकार आणि जागाही पाहा. चिकटलेली, खोलगट झडप ती डावी. एवढ्यावरून प्रजाती बहुधा कळते. तिच्यातली नेमकी जाती कळेलच असं नाही, आणि तिथूनच डीएनएचं काम सुरू होतं.

शिंपल्यावर विसंबून किती गोंधळ झाला याची दोन उदाहरणं मला नेहमी सांगावीशी वाटतात, कारण ती एकमेकांच्या उलट आहेत. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं वाढवलं जाणारं एक कालव दीर्घकाळ रिव्ह्युलॅरिस वगैरे दुसऱ्याच नावांखाली नोंदवलं जात होतं. त्याला स्वतःचं नाव मिळालं ते २००३ मध्ये: क्रॅसोस्ट्रिया हाँगकाँगेन्सिस. गंमत म्हणजे तिथले कालव वाढवणारे लोक मांसाच्या रंगावरून 'पांढरं' आणि 'लाल' असा भेद आधीपासून करत होते. जनुकीय तपासणीत पांढरं म्हणजे हाँगकाँगेन्सिस आणि लाल म्हणजे अरियाकेन्सिस असं निघालं. पुस्तकांपेक्षा पाण्यात उभ्या असलेल्या माणसांची विभागणी जास्त बरोबर होती. तुमच्या खाडीत कालवं काढणारे जुने लोक असतील तर ते किती प्रकार मानतात हे आधी विचारा, अगदी सिक्वेन्सिंगच्या आधी.

दुसरं उदाहरण पोर्तुगीज कालवाचं. लामार्कने १८१९ मध्ये त्याला अँग्युलाटा हे नाव दिलं आणि ते युरोपातलंच समजलं जाई. थुनबेर्गने १७९३ मध्ये वर्णन केलेलं जपानचं गिगास हे वेगळं. १९९८ मध्ये मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) डीएनएवरून दिसलं की अँग्युलाटाचं जवळचं नातं तैवानच्या कालवांशी आहे. म्हणजे ते आशियातून जहाजांबरोबर युरोपात आलेलं. गिगास आणि अँग्युलाटा यांच्यात सीओआयचा फरक फक्त दोन-तीन टक्क्यांचा आहे, त्यांचा संकर होतो आणि ती संततीही पुढे वाढते. त्यामुळे काहीजण त्यांना दोन जाती म्हणतात, काही एकाच जातीच्या दोन उपजाती. हा वाद आणखी सिक्वेन्स काढून मिटणारा नाही. जाती कशाला म्हणायचं यावरच मतभेद आहे.

या पार्श्वभूमीवर तुमचे ९९ टक्केवाले तीन नमुने पाहू. एका सिक्वेन्सला दोन नावं जुळतात तेव्हा मी चार शक्यता तपासतो. एक, दोन्ही नावं एकाच जातीची असतात. उदाहरणार्थ आयरेडेली या नावाने जमा झालेले सिक्वेन्स आज बरेच वर्गीकरणतज्ज्ञ बायलिनिएटा या जुन्या नावाखाली घेतात. दोन, फक्त प्रजातीचं नाव बदललेलं असतं: पॅसिफिक भागातल्या खोलगट कालवांना २०१७ च्या सुमारास क्रॅसोस्ट्रियातून काढून मॅगालाना या नव्या प्रजातीत टाकलं गेलं, पण अनेक संशोधकांनी त्याला उघड विरोध केला, म्हणून दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसतात. क्रॅसोस्ट्रिया गिगास आणि मॅगालाना गिगास हा एकच प्राणी. तीन, गिगास आणि अँग्युलाटासारख्या खरोखरच जवळच्या जाती असतात. चार, कुणीतरी नाव चुकीचं लावलेलं असतं. माझ्या अनुभवात चौथं कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा निघतं.

हे तपासायला यादीतलं पहिलं नाव पाहून थांबू नका. पहिल्या पन्नासेक नोंदी उघडा. प्रत्येकीत नमुना कुठून घेतला आहे, शिंपला कुठे जपून ठेवल्याचा क्रमांक दिला आहे का, त्या सिक्वेन्सवर शोधनिबंध आहे का, हे बघा. क्रमांक नसलेल्या, 'बाजारातून' एवढीच नोंद असलेल्या सिक्वेन्सच्या नावाला मी फार कमी वजन देतो. मग विश्वासार्ह नोंदी निवडा, त्यात तुमचे पाच नमुने आणि बाहेरची एखादी जाती घाला आणि वंशवृक्ष काढा. साधा नेबर-जॉइनिंग वृक्षही (सिक्वेन्समधल्या अंतरावरून काढलेला) या कामाला पुरतो. टक्केवारीच्या यादीत जे दिसत नाही ते वृक्षात लगेच दिसतं: दोन्ही नावांचे सिक्वेन्स एकाच झुपक्यात मिसळलेले आहेत, की दोन वेगळे झुपके आहेत आणि एखादीच नोंद चुकून दुसरीकडे जाऊन बसली आहे.

आता ९३ टक्के. इथे घाई करू नका. नव्या जातीची शक्यता माझ्या यादीत सगळ्यात शेवटी असते. पहिल्यांदा क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्राने काढलेला रंगीत आलेख, मागून घ्या. पुष्कळ प्रयोगशाळा फक्त अक्षरांची फाइल पाठवतात, ती पुरेशी नाही. सुरुवातीच्या आणि शेवटच्या भागात शिखरं नेहमीच गचाळ असतात, तो भाग कापलाच पाहिजे. मधल्या भागात अनेक ठिकाणी एकावर एक दोन शिखरं दिसली तर दोन प्राण्यांचा डीएनए मिसळला असावा. जीन दोन्ही बाजूंनी वाचून घेतला नसेल तर तो आता वाचून घ्या. सीओआयचा नेहमीचा भाग कापून झाल्यावर साधारण ६५८ अक्षरांचा उरतो, म्हणजे सात टक्के फरक म्हणजे ४६ अक्षरं. वाईट वाचनामुळे तेवढी अक्षरं चुकणं अजिबात अवघड नाही.

नंतर त्या सिक्वेन्सचं प्रथिनात भाषांतर करून बघा. सीओआय हा प्रथिन बनवणारा जीन आहे, त्यामुळे मध्येच थांबण्याचा संकेत आला तर वाचनात गडबड आहे किंवा हाती आलेला तुकडा खरा मायटोकाँड्रियाचा नाही. मात्र भाषांतर करताना अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या मायटोकाँड्रियाचं कोष्टक निवडा. नेहमीच्या कोष्टकात टीजीए हा थांबा असतो, या कोष्टकात तो ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असतो. चुकीचं कोष्टक लावून 'माझ्या सिक्वेन्समध्ये थांबेच थांबे आहेत' म्हणून घाबरलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो.

तिसरी तपासणी गमतीची वाटेल, पण करा: हा डीएनए कालवाचाच आहे का? कालवाच्या आतल्या पोकळीत बारीक वाटाणा-खेकडे राहतात, शिंपल्यात चिखलातले किडे बिळं करतात, पाठीवर दुसऱ्या कालवांची पिल्लं बसलेली असतात, आणि पोटात गाळलेलं अन्न असतं. ऊती कुठून घेतली यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मी नेहमी झडपा मिटणाऱ्या स्नायूचा आतला तुकडा घेतो, तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. पोट आणि कल्ले टाळतो. तुकडा लगेच ९५ टक्क्यांहून जास्त शुद्ध इथेनॉलमध्ये टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलायचा, कारण कालवाच्या अंगातल्या पाण्याने तो पातळ होतो. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून कामाचा डीएनए मिळवणं फार त्रासाचं आहे. कालवात चिकट श्लेष्मा भरपूर असतो आणि तो डीएनएबरोबर येऊन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवतो. तयार किट चालत नसेल तर डीएनए वेगळा काढण्याची जुनी सीटॅब पद्धत वापरून पाहा, किंवा डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर जेलवर पीसीआर झाल्याची पट्टी उमटते हे ऐकायला उलटं वाटतं, पण अडथळाही तितकाच पातळ होतो.

हे सगळं नीट निघालं, कोमाटाही दिसले, आणि तरीही ९३ टक्केच राहिले तर मात्र गोष्ट रंजक आहे. तुमचे हे दोन नमुने सॅकोस्ट्रिया असतील असा माझा अंदाज आहे. खडकावरच्या ज्या कालवांना सर्रास कुकुलाटा म्हटलं जातं त्यात प्रत्यक्षात अनेक वेगळ्या वंशशाखा आहेत. संशोधकांनी त्यांना तात्पुरती ए, बी, सी अशी अक्षरं दिली आहेत, कारण कोणत्या शाखेला जुन्या कुठल्या नावाचा हक्क आहे हे अनेक ठिकाणी अजून ठरायचं आहे. त्यांच्यातलं अंतर एकाच जातीतल्या नेहमीच्या फरकापेक्षा बरंच मोठं आहे. एकाच जातीच्या कालवांत सीओआयचा फरक बहुधा दोन टक्क्यांच्या आत राहतो. तेव्हा तुमचे नमुने एखाद्या अशा शाखेचे असू शकतात जिचा सिक्वेन्स कुणी जमाच केलेला नाही. जुळणी कमी येणं हे पुष्कळदा डेटाबेसच्या रिकामेपणाचं लक्षण असतं. खरीच नवी जात असेल तर ती जाहीर करायला नावाचा आधारनमुना, शरीररचनेचं वर्णन आणि त्या भागातून पूर्वी नोंदलेल्या सगळ्या नावांशी तुलना लागते. दोन सिक्वेन्सवर ते होत नाही.

इथवर मी फक्त सीओआयबद्दल बोललो. खरं तर कालवांच्या बाबतीत एका जीनवर थांबू नये. सीओआयचे सर्वसाधारण प्राइमर (पीसीआरमध्ये हवा तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) १९९४ पासून वापरात आहेत आणि मृदुकाय प्राण्यांत ते अधूनमधून रुसतात. तेव्हा सुधारित प्राइमर घ्या किंवा १६ एस हा दुसरा जीन घ्या. १६ एस हळू बदलतो, म्हणून तो प्रजातीची खात्री करायला चांगला आणि जवळच्या जाती वेगळ्या करायला जरा कमजोर. क्रॅसोस्ट्रियाच्या गटात १६ एस जीन मायटोकाँड्रियात दोन तुकड्यांत विभागलेला असतो. जीनची पूर्ण लांबी एका दमात वाढवायला जाऊ नका, ठरलेल्या प्राइमरनी मिळणारा तुकडाच घ्या.

पण सीओआय आणि १६ एस ही दोन वेगळी मतं नव्हेत. दोन्ही मायटोकाँड्रियातले, दोन्ही आईकडूनच आलेले. एक फसला तर दुसराही त्याच बाजूला फसतो. कुमामोटो कालव, म्हणजे सिकामिया, याचं प्रकरण यासाठी पाठ करण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या बीज केंद्रांत, म्हणजे कालवांची पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रांत, त्याचा गिगासशी संकर झाला होता. या दोन जातींत फलन एकाच दिशेने होतं: सिकामियाच्या अंड्याला गिगासचा शुक्राणू चालतो, उलट चालत नाही. म्हणजे प्रत्येक संकरित पिल्लाचा मायटोकाँड्रिया सिकामियाचा. नुसता सीओआय पाहणाऱ्याला ते शुद्ध कुमामोटो दिसणार! संकर पकडायचा तर पेशीच्या केंद्रकातला, म्हणजे आईबाप दोघांकडून येणारा, एखादा भाग, उदाहरणार्थ आयटीएस किंवा २८ एस, बरोबर वाचावा लागतो. दोन निकाल जुळले तर ठीक; नाही जुळले तर आधी नळ्यांची अदलाबदल तपासा आणि मग संकराचा विचार करा.

आता पाच नमुन्यांबद्दल स्पष्ट बोलतो: ते कमी आहेत. खाडीत एखादी जाती दहा टक्के प्रमाणात असेल आणि तुम्हाला ती किमान एकदा सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर एका जागेवरून २९ कालवं लागतात. पाच टक्के प्रमाणात असेल तर ५९. तीही जागोजागची हवीत: ओहोटीला आधी उघडी पडणारी वरची पट्टी, शेवटी उघडी पडणारी खालची, तोंडाकडची खारट बाजू, आतली गोडसर बाजू. एकाच झुबक्यातून वीस उचलली तर वीस आकडा फक्त कागदावर वीस असतो. प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र क्रमांक द्या, दोन्ही झडपांचा आतून-बाहेरून फोटो काढा, आणि झडपा त्याच क्रमांकाने जपा. ऊती संपली तर दुसरी काढता येईल, हरवलेला शिंपला परत मिळत नाही.

सगळेच सिक्वेन्स करायची गरज नाही. पहिल्या फेरीत साठातले पंधरावीस, सगळ्या आकारांतले आणि सगळ्या जागांतले, वाचून घ्या. एकदा स्थानिक गट कळले की उरलेल्यांसाठी स्वस्त चाचणी बसवता येते: ठरावीक एन्झाइमने पीसीआरचा तुकडा कापून पट्ट्या बघायच्या, किंवा प्रत्येक जातीसाठी वेगळ्या लांबीची पट्टी देणारे प्राइमर वापरायचे. या चाचण्या झटपट आहेत, पण त्यांना माहीत असलेल्या जातींपलीकडे काही दिसत नाही. अनोळखी जाती आली तर एकतर पट्टीच उमटत नाही, किंवा ती चुकीच्या खान्यात बसते. म्हणून मी दर खेपेला काही नमुने पूर्ण वाचून घेतोच. पाण्यातून थेट डीएनए गाळून तपासण्याचा पर्यायही आहे. तो एखादी परकी जाती शिरली आहे का हे पाहायला उपयोगी, पण तुमच्या प्रश्नाला नाही, कारण त्यात शिंपला हातात येत नाही.

किती खोलात जायचं हे तुम्हाला हे कशासाठी हवं आहे त्यावर आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. वाढवण्यासाठी बीज गोळा करायचं असेल तर नावाचा वाद बाजूला ठेवून गट वेगळे ओळखता आले तरी पुष्कळ झालं; कोणता गट लवकर वाढतो आणि कोणता गोडसर पाणी सोसतो हे त्यानंतर पाहता येतं. इथे एक अडचण येते: बीज नखाएवढं असताना दोन्ही गट सारखेच दिसतात, आणि अळ्या तर सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळ्या काढणं कठीण. म्हणजे कोणत्या महिन्यात, कोणत्या खोलीवर कोणाचं बीज बसतं याचा अंदाज घ्यायलाही डीएनएच लागेल. बीज केंद्रासाठी आईबाप निवडायचे असतील तर केंद्रकातला जीन वगळूच नका. आणि परकी जाती आल्याचा संशय असेल तर एका नमुन्यावर बोभाटा करू नका. वेगळी ऊती घेऊन, शक्यतो वेगळ्या प्रयोगशाळेत, पुन्हा तपासा.

सध्या तुमच्या वहीत मी असं लिहीन: पहिल्या तीन नमुन्यांपुढे वंशवृक्षात जो झुपका मिळेल त्याचं नाव, जुनं नाव शेजारी, आणि कोणत्या नोंदींशी तुलना केली त्यांचे क्रमांक. उरलेल्या दोघांत कोमाटा दिसले तर 'सॅकोस्ट्रिया, जाती अनिश्चित', आणि आलेख नीट असेल तर सिक्वेन्स याच नावाने डेटाबेसमध्ये जमा करा, जागा आणि शिंपल्याचा क्रमांक देऊन. कोमाटा नसतील तर मला बिजागरीचा जवळून काढलेला फोटो आणि क्रोमॅटोग्रामची मूळ फाइल लागेल. त्याशिवाय मी त्या दोघांबद्दल काही बोलणार नाही.